कंपासने न निघणारा गोल फॉन्ट

पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या नव्या पाट्या पाहत चला. केकवाले, मोमोवाले, पाळणाघर, दातांचा दवाखाना, सगळीकडे तीच गोल टोकांची गुबगुबीत अक्षरं. असा फॉन्ट सर्वांत सोपा, असा बऱ्याच जणांचा समज असतो: कंपास घ्या, पट्टी घ्या, रेघ जाड करा, टोकं गोल करा.

तसं केलं तर पाटी बेंगरूळ दिसते. जर्मन अक्षररचनाकार पॉल रेनरचा 'फ्युचुरा' (१९२७) हा भौमितिक फॉन्टांचा नमुना मानतात, पण त्यातलासुद्धा इंग्रजी 'ओ' शेजारच्या 'एच'च्या वर-खाली किंचित बाहेर डोकावतो. गोल आकार वरच्या रेषेला जेमतेम टेकतो, त्यामुळे तंतोतंत मापात काढला तर डोळ्याला लहान वाटतो. आडवी रेघही उभीइतकीच जाड ठेवली तर जास्त जाड भासते, म्हणून ती बारीक करतात. लोगोवर सुवर्ण गुणोत्तराची (सुमारे १.६१८ : १) वर्तुळं चढवून 'हे निसर्गाचं गणित' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की अशी वर्तुळं कुठल्याही चित्रावर मागाहून बसवता येतात.

देवनागरीत खरी कसोटी शिरोरेघेची. समजा तिची जाडी १०० एकक आहे आणि टोक अर्धवर्तुळाकार, म्हणजे त्रिज्या ५०. 'पुणे' लिहिताना 'पु'ची रेघ संपते तिथे 'णे'ची सुरू होते. दोन अर्धवर्तुळं एका बिंदूतच शिवतात आणि वर-खाली खाचा पडतात. उपाय असा: रेघ अक्षराच्या चौकटीबाहेर (म्हणजे त्या अक्षरासाठी राखलेल्या रुंदीबाहेर) दोन्हीकडे ५० एकक काढायची. मग सरळ भाग सरळ भागाला चौकटीच्या सीमेवर भिडतो आणि प्रत्येक गोल टोक शेजाऱ्याच्या रेघेत गडप होतं. शब्दाच्या दोन्ही कडांना शेजारी नसतो, तिथे गोलाई आपोआप उरते! आता अक्षरांमधलं अंतर वाढवत न्या. थोडं वाढलं की खाच उघडू लागते, १०० एककांना टोकं पुन्हा एका बिंदूत येतात आणि त्यापुढे रेघ तुटते. विनाइल कापणाऱ्या प्लॉटरला तर ही लपलेली टोकंही दिसतात, कारण तो प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतो. म्हणून बोर्डवाले फाइल पाठवण्याआधी शब्द 'वेल्ड' करून घेतात, म्हणजे सगळी अक्षरं जोडून एकच आकार करतात.

अ‍ॅक्रिलिकच्या कामात मात्र गोलाई फायद्याची. राउटरचं, म्हणजे अ‍ॅक्रिलिक कोरणाऱ्या यंत्राचं, पातं गोल फिरतं, त्यामुळे ६ मिमी व्यासाच्या पात्याने आतला कोपरा ३ मिमी त्रिज्येपेक्षा टोकदार निघतच नाही. शिवाय टोकदार खाचेत ताण साठून तडा जातो, गोल कोपऱ्यात तो पसरतो.

मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'बालू' हा असा जाड, गोल देवनागरी फॉन्ट मोफत मिळतो. तो शीर्षकाला आणि पाटीला वापरा. लग्नपत्रिकेच्या बारीक मजकुरात 'क्ष', 'श्र', 'ध' यांची पोटं, म्हणजे आतल्या मोकळ्या जागा, बुजतात, आणि पाहुणे कार्यालयाचा पत्ता फोन करून विचारतात.