'उलटे ते नाझी'? साफ चूक

'आपले स्वस्तिक सुलटे, हिटलरचे उलटे.' हे वाक्य इतक्या ठामपणे फिरते की हल्ली मी वाद घालत नाही, नुसता नाझी झेंड्याचा फोटो दाखवतो.

स्वस्तिकाची ओळख करून देत बसत नाही. नाझींच्या खुणेचे जर्मन नाव हाकेनक्रॉइत्स, म्हणजे हुकासारख्या वाकड्या टोकांचा क्रूस. 1920 साली तो नाझी पक्षाच्या झेंड्यावर आला आणि 1935 साली तोच झेंडा जर्मनीचा राष्ट्रध्वज ठरला.

आता त्या झेंड्यावरच्या खुणेचा वरचा बाहू पाहा. टोक उजवीकडे वळलेले. पूजेत काढतात त्या स्वस्तिकाचेही तसेच. डावीकडे वळलेली खूण हवी असेल तर जपानच्या बौद्ध मंदिरांकडे पाहावे लागते. तिथे तिला मांजी म्हणतात आणि नकाशावर मंदिराची जागा तिनेच दाखवत आले आहेत. म्हणजे 'उलटे ते नाझी' हा नियम लावला, तर हिटलर सुटतो आणि बुद्ध अडकतो! सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर तर दोन्ही दिशांची स्वस्तिके सापडतात.

मग पुढचा पवित्रा: 'त्यांचे तिरके असते.' हे जरा बरे. झेंड्यावर ते 45 अंशांत कललेले आहेच. पण हिटलरच्या स्वतःच्या खास ध्वजावर ते सरळ उभे होते, त्यामुळे कोनमापकही कामाचा नाही.

'दोन्हींचा काडीचाही संबंध नाही' म्हणणारेही मला पटत नाहीत. जर्मन पुरातत्त्वज्ञ श्लीमानला 1870च्या दशकात ट्रॉय या प्राचीन नगराच्या उत्खननात ही खूण सापडली, युरोपातल्या पंडितांनी ती 'आर्यां'शी जोडली, आणि त्याच कल्पनेतून नाझींनी ती उचलली. आकृती एकच, वेगळे आहे ते कुणी, कशासाठी वापरली हे. म्हणून 'नाझी स्वस्तिक' न लिहिता हाकेनक्रॉइत्सच लिहावे, असा माझा हट्ट. मंगलचिन्हाचे नाव छळछावणीच्या खुणेला कशाला?

रंग, ठिपके, चंद्रकोर हे तपशील किरकोळ. जैन स्वस्तिकावर तीन ठिपके आणि कोर असते, एवढे पुरे.

आणि ही खूण लष्करात वापरणारे फक्त नाझीच नव्हते. फिनलंडच्या हवाई दलाने 1918 पासून विमानांवर निळे स्वस्तिक रंगवले, नाझी झेंड्याच्या दोन वर्षे आधी. अमेरिकेच्या 45व्या पायदळ डिव्हिजनच्या बाहीवरही तिथल्या आदिवासींकडून घेतलेले पिवळे स्वस्तिक होते. नाझींमुळे ते काढून तिथे थंडरबर्ड हा पक्षी आला. एप्रिल 1945मध्ये डाखाऊची छळछावणी मुक्त करायला शिरलेल्या सैनिकांत याच डिव्हिजनचे लोक होते.