शेततळ्याचा अर्ज : माण-खटाव, जत-आटपाडीकरांनी आधी काय बघावं

महाबळेश्वरात धो-धो कोसळणारा पाऊस माण-खटावपर्यंत येता येता आटतो. जत, आटपाडी, कवठेमहांकाळची तीच गत. पडेल तेवढं अडवायचं, तर मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून वैयक्तिक शेततळ्याला आकारमानानुसार कमाल ७५,००० रुपये अनुदान मिळतं.

आपल्या भागात नावावर किमान ०.४० हेक्टर, म्हणजे एक एकर जमीन लागते. कमाल मर्यादा नाही. पूर्वी शेततळ्यासाठी सरकारी अनुदान घेतलं असेल तर पुन्हा मिळत नाही.

अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी या ऑनलाइन पोर्टलवर करायचा. शेतकरी ओळख क्रमांक नसेल तर आधी तो काढा, त्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. ‘सिंचन साधने व सुविधा’मध्ये वैयक्तिक शेततळे निवडलं की इनलेट-आउटलेटसह (पाणी आत यायची आणि जादा पाणी बाहेर जायची वाट) की त्याशिवाय, असं विचारतात. घाईत इथं काहीही टिकमार्क होतं, पण खरा निर्णय हाच आहे. ओघळीचं, उताराचं पाणी आत घ्यायचं असेल तर इनलेट-आउटलेटसहच घ्या. दुसऱ्या प्रकारात पाणी मोटारीनं भरावं लागतं; विहीरच फेब्रुवारीत तळ गाठत असेल तर त्या खड्ड्यात काय ओतणार? जागाही पाणी वाहत येतं तिथली बघा, बांधाकडेची पडीक आहे म्हणून नको.

आकारही जपून निवडा. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल आणि १:१ उताराच्या तळ्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. पण वरचा बांध धरून दहा-बारा गुंठे सहज जातात. दीड एकरवाल्यानं लहानच बरं.

सातबारा, आठ-अ, आधार, आधारशी जोडलेलं बँक खातं, हमीपत्र आणि अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर जातीचा दाखला तयार ठेवा. अर्ज शुल्क २३ रुपये ६० पैसे. सातबारा सामाईक असेल तर भावांची संमती आत्ताच लिहून घ्या, नंतर सह्या मिळवताना दमछाक होते.

निवड झाली तरी पूर्वसंमती हातात पडेपर्यंत जेसीबी लावू नका. आधी खोदलेल्या तळ्याचं अनुदान मिळत नाही. खोदाईनंतर कृषी सहायक (आता पदनाम सहायक कृषी अधिकारी) मोजमाप घेतात, जिओ-टॅग (जागेची नोंद असलेले) फोटो काढतात आणि रक्कम खात्यात येते. तोवर खर्च आपल्याच खिशातून, हे धरून चाला.

या रकमेत प्लास्टिकचा कागद बसत नाही. अस्तरीकरणाचा अर्ज वेगळा. मुरमाड रानात कागदाविना पाणी मुरतं. विहिरीला ते पोचतं, पण उन्हाळ्यात डाळिंबाला तळ्यातून द्यायचं असेल तर कागद लागणारच. कागदाच्या तळ्याला कुंपण आणि कडेला दोर बांधा. त्या घसरड्या उतारावरून पोहणाराही वर येत नाही.