मुंबईतील घरांतील रेडॉन आणि त्याचे मापन

रेडॉन हा रंग, वास, चव नसलेला किरणोत्सर्गी वायू. माती-दगडांतल्या युरेनियमचे विघटन होताना आधी रेडियम आणि त्यातून रेडॉन-२२२ तयार होतो. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, ३.८२ दिवस. एवढा अवधी जमिनीच्या भेगांतून वर येऊन घरात शिरायला पुरतो. अपाय मुख्यतः करतात ती त्याची अपत्ये, म्हणजे त्याच्या विघटनातून तयार होणारी पोलोनियमची अल्पायुषी समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू). ती धुळीच्या कणांना चिकटून फुप्फुसात बसतात आणि तिथे आल्फा कण सोडतात. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडॉनला मानवी कर्करोगकारक ठरवले. धूम्रपान करणाऱ्याला त्याचा धोका कैक पटींनी जास्त असतो.

मुंबई उभी आहे ती दख्खनच्या लाव्हा खडकावर. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब याच काळ्या दगडाचे. या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, युरेनियम ग्रॅनाइटच्या मानाने बरेच कमी, त्यामुळे पायाखालच्या खडकाची भीती इथे फारशी नाही. त्यातच दारे-खिडक्या उघड्या टाकण्याची सवय आणि खारे वारे. थंड देशांत उबदार घर जमिनीतली हवा वर ओढून घेते. मुंबईत आतल्या-बाहेरच्या तापमानात तेवढा फरकच पडत नाही.

मात्र चाळीतली तळमजल्याची खोली आणि एसी लावून रात्रभर बंद ठेवलेली बेडरूम यांना एकाच मापाने मोजता येत नाही. पहिलीत लादीच्या सांध्यांतून, नळाच्या पाइपाभोवतीच्या फटीतून वायू थेट येऊ शकतो. खाली स्टिल्ट पार्किंग असलेल्या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर जमिनीचा संबंध तुटतो. उरतात त्या विटा, सिमेंट, वाळू आणि कोंडलेली हवा. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्याची धास्ती अनेकांना वाटते, पण त्याचा वाटा सहसा किरकोळ असतो. उपाय शोधायचा तर ओटा फोडण्याआधी खिडकी उघडून पाहावी.

प्रमाण बेक्वेरेल प्रति घनमीटर या एककात सांगतात. १०० बेक्वेरेल म्हणजे दर घनमीटर हवेत सेकंदाला १०० अणूंचे विघटन. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरांसाठी १०० ही संदर्भ पातळी सुचवली. ती शक्य नसेल तिथे ३०० च्या पुढे जाऊ नये, असे म्हटले. अमेरिकेत १४८ ला उपाय करायला सांगतात.

भारतीय पाहण्यांत एलआर-११५ ही सेल्युलोज नायट्रेटची फिल्म फार वापरली जाते. छोट्या डबीत बसवून ती भिंतीपासून दूर टांगतात आणि साधारण तीन महिने तशीच ठेवतात. आल्फा कणांनी फिल्मवर पाडलेले ओरखडे नंतर गरम कॉस्टिक सोड्यात खोदून मोठे करून मोजतात. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात यासाठी सूक्ष्म छिद्रांची दोन कप्प्यांची डबी विकसित झाली. थोरियमपासून येणाऱ्या थोरॉनचे, म्हणजे रेडॉनच्याच दुसऱ्या प्रकाराचे, अर्धायुष्य जेमतेम ५५.६ सेकंद, पहिल्या कप्प्यातून दुसऱ्यात झिरपेपर्यंत तो संपतो, रेडॉन तेवढा पोचतो, आणि दोन्ही वेगळे मोजता येतात.

रेडॉन शोषून घेणाऱ्या कोळशाची डबी दोन-चार दिवसांत उत्तर देते. बॅटरीवरचे डिजिटल यंत्र रोज आकडा दाखवते, पण पहिल्या दिवसाचा आकडा पाहून घाबरण्यात अर्थ नाही: पावसाळ्यात खिडक्या लावून घेतलेल्या आठवड्याचे आणि फेब्रुवारीतल्या उघड्या घराचे माप सारखे येत नाही. म्हणून वर्षभराची सरासरी धरतात आणि डबी शक्यतो झोपण्याच्या खोलीत टांगतात.