एचडीआर लागलं की टीव्ही काळवंडतो कशामुळे?

२२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. दसरा-दिवाळीच्या खरेदीत ज्यांनी ४३ किंवा ५५ इंची टीव्ही घरी आणला, त्यांच्यापैकी अनेकांची तक्रार एकच असते. बातम्या लख्ख दिसतात, यूट्यूबही छान दिसतं, पण एखादी सिरीज लावली आणि कोपऱ्यात 'एचडीआर' किंवा 'डॉल्बी व्हिजन' अशी पाटी चमकून गेली, की चित्र काळवंडतं. रात्रीचा प्रसंग असेल तर कोण कोणाशी बोलतंय तेही कळत नाही. मग कोणी पॅनेल खराब आहे म्हणतं, कोणी इंटरनेटच्या वेगाला दोष देतं. वेग कमी पडला तर चित्र पुसट होतं, त्यात चौकटी दिसू लागतात, पण त्यामुळे चित्रावर अंधार पसरत नाही. आणि बहुतेक वेळा पॅनेलही धडधाकट असतं.

एचडीआर म्हणजे 'हाय डायनॅमिक रेंज', अगदी गडदापासून अगदी प्रखरापर्यंतचा मोठा पल्ला दाखवणारी चित्रपद्धत; डॉल्बी व्हिजन हा तिचाच एक प्रकार. एचडीआर म्हणजे जास्त उजेड, हा समज दुकानापासूनच डोक्यात बसलेला असतो. तो अर्धाच खरा आहे. खरी गोम आहे ती चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याबरोबर येणाऱ्या आकड्याचा अर्थ कसा लावायचा, यात.

जुन्या पद्धतीत, म्हणजे एसडीआरमध्ये, हा आकडा फक्त प्रमाण सांगतो: कमाल उजेडाच्या इतका हिस्सा. कमाल म्हणजे किती, हे टीव्हीने आणि तुम्ही ठरवायचं. स्टुडिओत रंग बसवताना मॉनिटरचा पांढरा १०० निटवर लावलेला असतो (एक निट म्हणजे दर चौरस मीटरला एक कँडेला, आणि एक कँडेला म्हणजे साधारण एका मेणबत्तीचा उजेड). घरचा टीव्ही ३०० निट देत असेल तर तोच पांढरा ३०० वर जातो आणि त्याच्याबरोबर सगळं चित्र तिप्पट उजळतं. चित्रातलं गडद-फिकं नातं तसंच राहतं, म्हणून डोळ्याला काही खटकत नाही.

आपल्या गायकीत सा ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे धरतात. कोणी काळी एक घेतो, कोणी काळी चार, पण राग तोच राहतो. एसडीआरचं असंच आहे. एचडीआरच्या मुख्य पद्धतीत मात्र पट्टी बांधलेली असते. सा अमुक इतक्या हर्ट्‌झचाच हवा, आणि तार सप्तक तुमच्या गळ्यात असो-नसो, चीज तिथपर्यंत जाणारच.

या बांधलेल्या पट्टीचं नाव पर्सेप्च्युअल क्वांटायझर, थोडक्यात पीक्यू. डॉल्बीच्या प्रयोगशाळेत तिच्यावर काम झालं आणि २०१४ मध्ये एसएमपीटीई या संस्थेने एसटी २०८४ या क्रमांकाने तिचं मानक केलं. एचडीआर१०, एचडीआर१०+ आणि डॉल्बी व्हिजन या तिन्हींचा पाया हाच. यात प्रत्येक आकडा ठरावीक निट सांगतो, शून्यापासून थेट १०,००० निटपर्यंत.

पीक्यूची रचना मला फार सुंदर वाटते, म्हणून इथे जरा थांबतो. एवढी मोठी पट्टी १०२४ पायऱ्यांत (१० बिटांत) बसवायची आहे. पायऱ्या सारख्या अंतराने ठेवल्या तर प्रत्येक पायरी जवळपास १० निटची होईल. उन्हात तेवढा फरक डोळ्याला कळणारही नाही, पण अंधाऱ्या खोलीच्या दृश्यात ती एक पायरी म्हणजे काळ्याकुट्ट कोपऱ्यातून थेट उजेडात उडी. डोळ्याला फरक कळतो तो प्रमाणात. मंद उजेडात अगदी थोडी वाढ जाणवते, प्रखर उजेडात मोठी वाढ लागते. पीटर बार्टेन या डच शास्त्रज्ञाने डोळ्याच्या या संवेदनशीलतेचं गणिती प्रारूप मांडलं होतं. त्याच्या आधारे पीक्यूच्या पायऱ्या अशा आखल्या आहेत की लगतच्या दोन पायऱ्यांमधला फरक सहसा डोळ्याला जेमतेम कळण्याच्या सीमेवरच राहतो. त्यामुळे पहिल्या सुमारे १५ टक्के पायऱ्या १ निटच्या खाली जातात. ३० टक्क्यांवर आपण १० निटला असतो, ५१ टक्क्यांवर १०० ला, ७५ टक्क्यांवर १,००० ला. १,००० ते १०,००० एवढ्या झगमगाटाला उरलेली चौथाई पुरते. अर्ध्याहून जास्त पायऱ्या शंभर निटच्या आत खर्ची पडतात, कारण डोळ्याचं बारकाव्याचं काम तिथेच चालतं.

आता स्टुडिओत बघा. रंग बसवणारा कलाकार चेहरा, भिंत, साडी यांना एचडीआरमध्ये फारसं उजळवत नाही. पांढऱ्या कागदासाठी आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) शिफारशीत २०३ निट सुचवले आहेत आणि चित्रपटांत अनेकदा त्याहून कमीच ठेवतात. वरचा सगळा उजेड दिव्याच्या ज्योतीसाठी, पाण्यावरच्या उन्हासाठी, काचेच्या चमकेसाठी राखून ठेवलेला असतो. कंदिलाची वात खरोखर पेटलेली वाटते ती यामुळेच.

३०० निटच्या टीव्हीवर ही दोन्ही चित्रं पाठोपाठ लावा. एसडीआरमधला पांढरा सदरा ३०० निटवर असेल. एचडीआरमध्ये तोच सदरा फार तर २०३ निटचा असावा असा हुकूम आहे, आणि शिवाय १,००० निटच्या ज्योतीसाठी वर जागा करायची आहे. ती जागा टीव्हीपाशी नाही. मग तो टोन मॅपिंग करतो, म्हणजे वरच्या आकड्यांची वळकटी करून त्यांना आपल्या मर्यादेत कोंबतो. काही टीव्ही ज्योतीचे तपशील कापून टाकतात. काही ते वाचवण्यासाठी मधला उजेडही खाली ओढतात, आणि सदरा दीडशेवर येतो. त्यात रिमोट घेऊन बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) वाढवायला जावं तर तो आधीच कमाल पातळीवर, १०० वर असतो, कारण एचडीआर लागल्याबरोबर टीव्हीने स्वतःच तो चढवलेला असतो.

साध्या एचडीआर१० मध्ये आणखी एक अडचण आहे. संपूर्ण चित्रपटाला मिळून 'सर्वांत प्रखर ठिपका इतक्या निटचा' असा एकच आकडा बरोबर येतो. दोन तासांत एकदाच स्फोट झाला आणि टीव्हीने त्याला धरून वळकटी केली, तर उरलेला सगळा चित्रपट त्या स्फोटापायी दबून राहतो. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ मध्ये ही माहिती दर प्रसंगाला वेगळी येऊ शकते, तेवढा त्यांचा फायदा नक्की.

राहिली खोली. हे सगळं बेतलेलं असतं अंधुक खोलीसाठी, जिथे पडद्यामागची भिंत फार तर ५ निटची असते. आपल्या दिवाणखान्यात खिडकी उघडी असताना पडद्यावर २०० लक्स उजेड सहज पडतो (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप). त्यातला २ टक्के पडद्याने परत फेकला तरी सव्वा निट होतो. म्हणजे १ निटच्या खालच्या ज्या पायऱ्या एवढ्या निगुतीने आखल्या होत्या, त्या सगळ्या या परावर्तित उजेडाखाली बुडाल्या. पडद्याला संरक्षणासाठी वरून ॲक्रिलिकची शीट लावली असेल तर परावर्तन आणखी वाढतं. त्या शीटवर 'डोळ्यांचं रक्षण' असं छापलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नका.

म्हणून पहिला उपाय पडदे ओढून घेण्याचा. "अंधारात टीव्ही बघून डोळे जातील" असं घरोघरी म्हणतात. अंधारात प्रखर पडद्याकडे टक लावून पाहिलं तर डोळे थकतात, कोरडे पडतात, पण दृष्टी जात नाही, नंबरही त्याने लागत नाही. टीव्हीच्या मागे भिंतीवर पडेल असा मंद पांढरा दिवा लावला की थकवाही कमी होतो आणि पडद्यावर प्रतिबिंबही पडत नाही.

आता रिमोट. एचडीआरची सेटिंग्ज एसडीआरपेक्षा वेगळी साठवलेली असतात, आणि डॉल्बी व्हिजनची त्याहून वेगळी. होम स्क्रीनवर बसून कितीही बदल केले तरी सिरीजवर त्यांचा परिणाम होत नाही. एचडीआर चित्र चालू ठेवूनच मेन्यू उघडायचा. सगळ्यात आधी वीज बचत बंद करा. अनेक टीव्हींत ती कारखान्यातूनच चालू येते आणि बॅकलाइटचा गळा दाबते. खोलीतला उजेड ओळखणारा सेन्सर बॅकलाइट उतरवत असेल तर तोही बंद करून पाहा. डॉल्बी व्हिजनमध्ये 'डार्क' ऐवजी 'ब्राइट' किंवा 'सिनेमा होम' निवडा. 'व्हिव्हिड' टाळा, त्यात चेहरे निळसर होतात. मग टोन मॅपिंग: एलजीमध्ये 'डायनॅमिक टोन मॅपिंग', सोनीमध्ये ब्राइटनेसला प्राधान्य देणारा पर्याय, आणि सॅमसंगमध्ये चक्क 'एसटी.२०८४' नावाची पट्टी. मघाचंच मानक तुमच्या मेन्यूत बसलेलं आहे, ते एक-दोन घर वर न्या. मात्र 'ब्राइटनेस' या शब्दाला फसू नका. काही टीव्हींत तो बॅकलाइट असतो, काहींत काळ्याची पातळी. दुसऱ्या प्रकारात तो वाढवला की उजेड वाढत नाही, काळ्यावर राखाडी धुकं तेवढं चढतं.

टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत स्ट्रीमिंगची स्टिक लावली असेल तर तिथेही पाहा. 'नेहमी एचडीआर' असा पर्याय चालू असेल तर साधी एसडीआर चित्रंही पीक्यूच्या साच्यात ओतली जातात आणि निस्तेज होतात. 'ॲडॅप्टिव्ह' किंवा 'मॅच डायनॅमिक रेंज' ठेवा. सावल्यांचा एकदम डांबरासारखा गोळा होत असेल, तर स्टिक आणि टीव्ही यांपैकी एक फुल रेंजवर आणि दुसरा लिमिटेडवर (काळा-पांढरा कोणत्या आकड्यांवर धरायचा याच्या या दोन पद्धती) आहे का, ते तपासा. महागडी सोनेरी केबल घेऊन यातलं काहीही सुधारत नाही. ती आकडे पोचवते, उजेड नाही.

हा प्रश्न तंत्रज्ञांना ठाऊक नाही असं नाही. बीबीसी आणि जपानच्या एनएचकेने एचएलजी ही पद्धत काढली ती थेट प्रक्षेपणासाठी, आणि तिच्यात आकडे पुन्हा सापेक्ष आहेत. २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने बीबीसीने आयप्लेअरवर याच पद्धतीने दाखवले. डॉल्बीने २०२० मध्ये खोलीच्या उजेडाप्रमाणे चित्र जुळवणारं 'डॉल्बी व्हिजन आयक्यू' आणलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये 'डॉल्बी व्हिजन २' जाहीर करताना अंधारे प्रसंग स्पष्ट दिसावेत यासाठी वेगळी सोय सांगितली. पीक्यूचा बांधलेला सा घरोघरी पेलत नाही, याची ही कबुलीच म्हणायची.

एवढं सगळं करूनही चित्र काळंच राहिलं आणि तुमचा टीव्ही अडीचशे-तीनशे निटचा असेल, तर स्टिकच्या सेटिंगमध्ये जाऊन एचडीआर सरळ बंद करा. यात कमीपणा नाही. अशा पडद्यावर चांगलं एसडीआर हे कोंबलेल्या एचडीआरपेक्षा सरस दिसतं. खोक्यावरच्या 'एचडीआर' शिक्क्याचा अर्थ टीव्हीला हे आकडे वाचता येतात एवढाच असतो, तेवढा उजेड तो देतो असा नाही. पुढचा टीव्ही घेताना दुकानदाराला निट विचारा. पडद्याच्या छोट्या भागावर किती आणि पूर्ण पांढऱ्या पडद्यावर किती, असे दोन्ही आकडे मागा. आणि दुकानातली झगमगती डेमो चित्रफीत थांबवून एखादा रात्रीचा प्रसंग लावायला सांगा.