पाजूची शाई मुळात तपकिरी होती का?

पॅरिसचा शिल्पकार ओग्युस्तँ पाजू (१७३०-१८०९) याला १७४८ साली रोमचे मानाचे पारितोषिक मिळाले. त्यानंतर १७५२ ते १७५६ या काळात तो रोममध्ये राहिला आणि तेथील प्राचीन मूर्तींची व इमारतींची रेखाटने करत राहिला. त्याच्या अनेक रेखाटनांखाली संग्रहालयांच्या सूचीत ठरावीक वर्णन आढळते : लेखणी, तपकिरी शाई, तपकिरी वॉश (म्हणजे पाणी घालून कुंचल्याने फिरवलेली पातळ शाई). हे वर्णन आज डोळ्यांना जे दिसते त्याचे आहे. पाजूने पिसाची लेखणी दौतीत बुडवली तेव्हा शाईचा रंग कोणता होता, हे त्यातून कळत नाही आणि माझ्या मते चित्र समजून घेण्यासाठी हाच प्रश्न महत्त्वाचा आहे.

त्या काळच्या फ्रेंच चित्रकारापुढे मुख्यतः तीन शाया होत्या. काजळी आणि सरस यांपासून केलेल्या शाईला तेथे चिनी शाई म्हणत; आपल्या जुन्या पोथ्यांतील काजळाच्या शाईसारखीच तीही कार्बनची असल्यामुळे शतकानुशतके काळीच राहते. दुसरी शाई म्हणजे बिस्त्र. धुराड्यात साठलेली लाकडाची काजळी पाण्यात उकळून आणि गाळून ती मिळत असे आणि ती पहिल्या दिवसापासूनच तपकिरी असे. तिसरी शाई मायफळ, हिराकस (लोहाचा क्षार) आणि डिंक यांची. सगळा गोंधळ तिच्यामुळे होतो.

आपल्या घरांत बाळगुटीत उगाळले जाणारे मायफळ म्हणजे एका चिमुकल्या कीटकाने अंडे घातल्यावर ओक वृक्षाच्या फांदीवर येणारी गाठ. तिचा तुरटपणा टॅनिनमुळे असतो. टॅनिनमधून सुटणारे गॅलिक आम्ल हिराकसातील लोहाशी जोडले जाते, आणि कागदावर हवेतील ऑक्सिजन लागला की त्यातून निळसर काळा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ तयार होतो. अनेक दशकांनंतर हाच काळा रंग विघटन होऊन तपकिरी पडतो. इंग्रज रसायनज्ञ विल्यम लुईस याने १७६३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एक भाग हिराकसाला तीन भाग मायफळ असे प्रमाण सुचवले होते, कारण मायफळ कमी पडले की शाई टिकत नाही, असे त्याला आढळले होते.

म्हणजे आज उबदार, मातकट वाटणारे एखादे रेखाटन मूळचे गार, काळ्या-करड्या छटांचे असू शकते. शिल्पकाराच्या बाबतीत हा फरक मोठा ठरतो, कारण तो वॉशचा उपयोग रंगासाठी नव्हे, तर उठावासाठी करतो : प्रकाश एका बाजूने येतो असे मानून तो कोऱ्या कागदाचा पांढरेपणा उजेडासाठी राखतो, पाणी घातलेली शाई वळत्या पृष्ठभागावर फिरवतो आणि वस्त्राच्या खोल चुणीत घट्ट शाई साठू देतो. काळ्या शाईचा उतरता क्रम तपकिरी झाला की पांढऱ्या कागदाशी असलेला तिचा विरोध सौम्य होतो आणि पर्यायाने दगडाची खोलीच उथळ दिसू लागते.

शाई कोणती हे ठरवण्यासाठी कागदाचा कणही काढावा लागत नाही. अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या प्रकाशात सुमारे १००० नॅनोमीटर तरंगलांबीला कार्बनची शाई गडदच दिसते, तर लोहाची शाई जवळजवळ नाहीशी होते. बिस्त्रही त्या प्रकाशात फिकट पडते, म्हणून या दोघींना वेगळे करण्यासाठी क्ष-किरण प्रतिदीप्तीची जोड घेतात. या पद्धतीत किरणांनी उत्तेजित झालेले अणू आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण बाहेर टाकतात, आणि शाईच्या रेषेवर लोहाची खूण कोऱ्या कागदापेक्षा ठळक उमटली की ती शाई हिराकसाची असल्याचे समजते. अनेकदा हिराकसात मिसळलेले तांबे आणि जस्तही सापडते.

लोहाची शाई कागद खाते, हे दुखणे मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते. शाई तयार होताना गंधकाम्ल सुटते आणि ते कागदातील सेल्युलोजच्या साखळ्या तोडते. शिवाय मायफळाशी न जोडले गेलेले जादा लोह त्याच सेल्युलोजचे ऑक्सिडीकरण वेगाने घडवते. त्यामुळे शाई जेथे सर्वांत घट्ट, तेथे कागद आधी तडकतो. शिल्पकाराने ज्या खोल सावल्यांवर आकाराचा सगळा भार टाकला, नेमक्या त्याच जागा प्रथम गळून पडतात.

यावरचा एक उपाय धान्याच्या कोंड्यात असलेल्या फायटिक आम्लातून आला. हे आम्ल लोहाला घट्ट पकडून ठेवते. कोंडा जास्त असलेल्या आहारातून शरीराला लोह कमी मिळते, तेही याच गुणामुळे. नेदरलँड्समधील संशोधक योहान नेव्हेल यांनी १९९५ साली कॅल्शियम फायटेटच्या (याच आम्लाच्या क्षाराच्या) द्रावणाने मोकळे लोह बांधण्याची आणि नंतर कॅल्शियम बायकार्बोनेटने आम्ल शमवण्याची पद्धत मांडली. हस्तलिखितांसाठी ती उपयुक्त ठरली, परंतु त्यासाठी कागद पाण्यात बुडवावा लागतो आणि पातळ वॉशच्या कडा पाण्यात हलू शकतात. म्हणून रेखाटनांच्या बाबतीत जतनतज्ज्ञ अनेकदा हात आवरता घेतात. दमटपणा स्थिर ठेवायचा, प्रदर्शनात उजेड सुमारे ५० लक्सच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि थोडा काळ मांडल्यावर कागद पुन्हा अंधाऱ्या पेटीत ठेवायचा, एवढ्यावरच ते थांबतात.