मोटरबोटीचा गिअरबॉक्स : दोषनिदान व देखभाल

मोटरबोटीचे इंजिन आणि प्रोपेलरचा शाफ्ट यांना जोडणाऱ्या, आणि बोट पुढे नेणे, मागे घेणे व इंजिन चालू ठेवून प्रोपेलर थांबवणे ही तिन्ही कामे करणाऱ्या यंत्रणेला सागरी गिअरबॉक्स म्हणतात. मोटारीप्रमाणे त्यात वेगवेगळ्या वेगांसाठी अनेक गिअर सहसा नसतात. पुढचा, मागचा आणि न्यूट्रल एवढ्याच अवस्था असतात. डिझेल इंजिन मिनिटाला २,००० ते ४,००० फेरे घेत असले तरी मोठ्या व्यासाचा प्रोपेलर संथ फिरला तरच पाण्यात नीट जोर धरतो, म्हणून गिअरबॉक्स हे फेरे २:१ किंवा ३:१ यांसारख्या प्रमाणात कमी करतो. बोटीला ब्रेक नसतो. तिला थांबवण्याचे काम उलटा गिअरच करतो, आणि म्हणूनच धक्क्याला लागताना गिअर न पडणे हा थेट सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

लहान इनबोर्ड (इंजिन आत बसवलेल्या) बोटींत बहुधा यांत्रिक गिअरबॉक्स असतो आणि त्यातील शंकूच्या आकाराचा किंवा अनेक चकत्यांचा क्लच केबलच्या ओढीने धरतो. मोठ्या बोटींत क्लचच्या चकत्या तेलाच्या दाबाने आवळल्या जातात; हा हायड्रॉलिक प्रकार. हा दाब गिअरबॉक्समधलाच पंप निर्माण करतो आणि तापलेले तेल कूलरमधून फिरून थंड होते. आउटबोर्ड इंजिनाच्या पाण्याखालच्या भागातील दात्यांचा क्लच ही निराळी रचना असून तिचा विचार येथे केलेला नाही.

गिअरबॉक्स बिघडल्याची तक्रार आली की तो उतरवून उघडण्याची घाई होते. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा त्याच्या बाहेर, केबलमध्ये, तेलात, कूलरमध्ये किंवा डॅम्पर प्लेटमध्ये (इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधली, धक्के शोषणारी स्प्रिंगांची चकती) असतो. तपासणी त्यामुळे बाहेरून आत जावी. बोट दोन्ही टोकांना पक्की बांधून, कपडे व हात शाफ्टपासून दूर ठेवून, इंजिन मंद चालवत गिअर टाकावा आणि कपलिंगकडे, म्हणजे गिअरबॉक्स व शाफ्ट यांच्या जोडाकडे, पाहावे. शाफ्ट फिरत असूनही बोट जोर करत नसेल तर दोष प्रोपेलरकडे आहे: त्याला शाफ्टवर पक्का धरणारी चावी (धातूची खुंटी) तुटली असेल, रबरी बुश घसरत असेल किंवा पात्यांत दोर अडकला असेल. शाफ्टच फिरत नसेल तर पाळी केबलची. एकाने सुकाणूजवळचा दांडा हलवावा आणि दुसऱ्याने गिअरबॉक्सवरचा लिव्हर किती सरकतो ते पाहावे. न्यूट्रलपासून दोन्ही बाजूंना तो पुरता आणि सारखा सरकला पाहिजे. खाऱ्या हवेत केबलच्या आवरणाखाली गंज धरतो, ते फुगते, केबल जड होते आणि लिव्हर अर्ध्यावरच थांबतो. अशा अर्धवट धरलेल्या क्लचच्या चकत्या घासून थोड्याच वेळात जळतात. इंजिन बंद करून केबलची पिन काढावी, लिव्हर हाताने पूर्ण सरकवावा आणि मग इंजिन सुरू करून पाहावे. गिअर नीट पडला तर गिअरबॉक्स निर्दोष आहे. मात्र इंजिन न्यूट्रलमध्येच सुरू होऊ देणारा स्विच असेल, तर लिव्हर आधी न्यूट्रलला ठेवून इंजिन मंद चालू झाल्यावरच सरकवावा.

गिअर एकाच दिशेला पडत असेल तर ती माहिती मोलाची असते. हायड्रॉलिक प्रकारात पंप दोन्ही दिशांना एकच असल्यामुळे तो सहसा ठीक असतो, आणि संशय केबलवर किंवा त्या दिशेच्या क्लचवर येतो. दोन्ही दिशांना गिअर उशिरा पडणे हे मात्र कमी तेल, तुंबलेली जाळी किंवा झिजलेला पंप यांचे लक्षण आहे. इंजिनाचे फेरे वाढूनही बोटीचा वेग वाढत नाही आणि तेल तापेल तसे हे वाढत जाते, तेव्हा क्लच घसरत असतो. मंद फेऱ्यांवर खडखडणारा आणि फेरे वाढवताच थांबणारा आवाज बहुतेक वेळा फ्लायव्हीलवरच्या डॅम्पर प्लेटच्या सैल झालेल्या स्प्रिंगांचा असतो. फेऱ्यांबरोबर चढत जाणारी शीळ मात्र बेअरिंगकडे बोट दाखवते.

तेल हा देखभालीचा गाभा आहे. अनेक हायड्रॉलिक गिअरबॉक्सना लाल रंगाचे एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) लागते, काहींना इंजिन ऑइल. माहितीपुस्तिकेत सांगितलेलेच वापरावे आणि दोन्ही मिसळू नयेत. पातळी पाहण्याची रीतही वेगवेगळी असते. काही ठिकाणी डिपस्टिक (पातळी मोजायची कांडी) आट्यांत न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. काही हायड्रॉलिक प्रकारांत इंजिन बंद करताच पाहायची असते, कारण नंतर कूलरमधले तेल खाली उतरून पातळी खोटी दिसते. तेल जास्त भरणेही वाईट, कारण ते घुसळले जाऊन फेसाळते आणि तापते. नव्या गिअरबॉक्सचे पहिले तेल साधारण २५ ते ५० तासांत आणि पुढे किमान वर्षातून एकदा बदलावे. काढलेल्या तेलाला करपट वास असेल तर क्लच जळला आहे. चुंबकाला लागलेली बारीक करडी भुकटी चालते, चमकणारे कपचे चालत नाहीत.

तेल गुलाबी दुधासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, आणि पहिला संशय कूलरवर घ्यावा. चालू इंजिनात तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त असल्याने फुटलेल्या नळीतून तेल बाहेर जाते व एक्झॉस्टच्या पाण्याबरोबर सांडून बोटीमागे रंगीत तवंग उमटतो. इंजिन थांबले की उलट पाणी आत झिरपू शकते. चकत्यांवरील घर्षणाचा थर पाण्याने सुटू लागतो, त्यामुळे येथे दिरंगाई महागात पडते. कूलर उतरवून, पाण्यात बुडवून, हवेच्या कमी दाबाने तपासावा. तो दुरुस्त केल्याशिवाय तेल बदलणे व्यर्थ आहे. दुरुस्तीनंतर नवे तेल भरून, थोडा वेळ चालवून, पुन्हा काढावे आणि रंग स्वच्छ होईपर्यंत हे करावे.

शाफ्टची सरळ रेषा बिघडली तर मागचे सील आणि बेअरिंग वारंवार जातात. ही रेषा बोट पाण्यात असतानाच तपासावी, कारण किनाऱ्यावर टेकू दिलेल्या बोटीचा सांगाडा किंचित वाकतो. कपलिंगचे बोल्ट काढून दोन्ही तोंडांमधील फट चारही बाजूंनी फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजतात. १०० मिलिमीटर व्यासाच्या कपलिंगला या मापांत ०.१ मिलिमीटरहून अधिक फरक नसावा.

बोट ओढून नेताना किंवा शिडावर चालवताना बंद इंजिनाचा प्रोपेलर पाण्याच्या प्रवाहाने फिरत राहतो. अशा वेळी काही गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये ठेवायचे असतात, काही उलट्या गिअरमध्ये, तर काहींचा शाफ्ट बांधून ठेवावा लागतो, कारण इंजिन बंद असताना पंप फिरत नाही आणि बेअरिंगांना तेल मिळत नाही.