क्विल्टच्या आतला कागद

हॅरी पॉटर मालिकेच्या वाचकांनी शिवलेल्या क्विल्टांमध्ये, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेल्या पांघरुणांमध्ये, एक रचना वारंवार दिसते. लाकडी कपाटाचे खण, त्यांत काही उभी, काही कललेली पुस्तके, आणि पुस्तकांच्या मधल्या जागेत जादुई काढ्यांच्या कुप्या, एखादे घुबड, टोकदार टोपी, गोल चष्मा. दुरून हे कापडावर रंगवलेले चित्र वाटते. जवळ गेल्यावर कळते की त्यात रंगाचा थेंबही नाही आणि प्रत्येक आकार स्वतंत्र कापडाचा तुकडा शेजारच्या तुकड्याला शिवून उभा केलेला आहे. यातला एखादा तुकडा करंगळीच्या नखाहूनही लहान असतो. इतकी नेमकी शिवण ज्या पद्धतीमुळे शक्य होते तिला ‘पेपर पीसिंग’ म्हणतात. नावात कागद आहे, परंतु पूर्ण झालेल्या क्विल्टमध्ये कागद सहसा उरत नाही, आणि म्हणूनच त्याचा इतिहास सहज दुर्लक्षिला जातो.

या एकाच नावाखाली दोन वेगळ्या पद्धती नांदतात आणि नवशिके त्यांची हमखास गल्लत करतात. जुन्या इंग्लिश पद्धतीत कागदाचे साचे आधी कापून घेतात, प्रत्येक साच्यावर कापड गुंडाळून कच्च्या टाक्यांनी धरून ठेवतात, असे दोन तुकडे पाठीला पाठ नव्हे तर सुलट बाजू एकमेकींना लावून कडेवर बारीक टाक्यांनी जोडतात, आणि चहूबाजूंनी शेजारी मिळाले की आतला साचा काढून घेतात. दुसऱ्या पद्धतीत पूर्ण आकृती एका कागदावर छापलेली असते, कापड कागदाखाली ठेवून छापील रेषेवरूनच मशीन चालवले जाते आणि शेवटी कागद फाडून टाकतात. पहिल्या पद्धतीत कागद हा साचा असतो, तर दुसरीत तो पाया असतो. कपाटाची क्विल्ट या दुसऱ्या पद्धतीची असली, तरी कापडाच्या तुकड्यांतून चित्र उभे करण्याची तिची हौस मात्र पहिलीकडून आलेली आहे.

ब्रिटनमधील क्विल्टर्स गिल्ड या क्विल्टकारांच्या संघटनेच्या संग्रहात 1718 हे साल अंगावरच असलेले एक रेशमी पांघरूण आहे. साल आणि आद्याक्षरे त्याच्यात तुकड्यांनीच घडवलेली आहेत, आणि साल नोंदवलेल्या ब्रिटिश तुकडेजोडीच्या कामांत ते सर्वांत जुने मानले जाते. त्यात फुले, पक्षी, प्राणी आणि माणसेही आहेत. म्हणजे चित्रे शिवण्याची कल्पना ही आजच्या चाहत्यांची नाही. या पांघरुणातले कागदी साचे अजून आतच आहेत. वापरायच्या, धुवायच्या पांघरुणातून कागद काढणे भागच असते; हे मात्र बहुधा जपून ठेवण्यासाठीच केलेले असावे, असा माझा तर्क आहे.

साच्यांसाठी कोरा कागद सहसा कोणी वापरत नसे, कारण कागद स्वस्त नव्हता. जुनी पत्रे, दुकानदारांची बिले, मुलांच्या कित्त्याच्या वह्या, वर्तमानपत्रे असे जे हाताशी येईल ते कापले जाई. त्यामुळे अर्धवट राहिलेली जुनी कामे संग्रहालयांना फार मोलाची वाटतात: कापड कोणत्या दशकातले हे छापावरून अंदाजाने सांगावे लागते, तर पत्रावरची तारीख सरळ वाचता येते. अर्थात ती तारीख एवढेच सांगते की काम त्याच्या आधीचे नाही; पत्र वीस वर्षे पेटीत पडून मग कापले गेले असेल, तर ते कागद सांगत नाही. एक गोष्ट मात्र यातून स्पष्ट होते. हे वाचत्या-लिहित्या घरांतले काम होते. इंग्लिश कादंबरीकार जेन ऑस्टिनने 1811 साली बहिणीला लिहिलेल्या पत्रात पॅचवर्कसाठी, म्हणजे तुकडेजोडीसाठी, तुकडे जमवण्याची आठवण केली आहे, आणि तिच्या घरातले म्हणून ओळखले जाणारे, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या तुकड्यांचे पांघरूण इंग्लंडमधील चॉटन येथे आजही पाहायला मिळते.

अमेरिकेत 1835 साली ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाने षटकोनी तुकड्यांची रीत छापली. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसणारी ही रचना पुढे इतकी रुळली की 1920 आणि 1930 च्या दशकांत ‘आजीची फुलबाग’ अशा अर्थाच्या नावाने ती घराघरांत पोहोचली. आजही इंग्लिश पेपर पीसिंग म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे षटकोनच येतो.

पायाची पद्धत या सगळ्याला समांतर वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लॉग केबिन’ ही रचना लोकप्रिय झाली: मध्ये एक चौरस आणि त्याच्याभोवती ओंडके रचावेत तशा पट्ट्या. अरुंद पट्ट्या ताणल्या जाऊन वेड्यावाकड्या होऊ नयेत म्हणून त्या साध्या सुती कापडावर शिवत. 1880 च्या दशकातल्या ‘क्रेझी क्विल्ट’नाही असाच कापडी पाया असे, कारण रेशीम आणि मखमल यांचे आडवेतिडवे तुकडे त्याच्याशिवाय धरच धरत नसत. कापडाऐवजी कागद आला तो काटकसरीमुळे. विशेषतः 1930 च्या मंदीत वर्तमानपत्रांची आणि टपालाने माल विकणाऱ्या दुकानांच्या कॅटलॉगांची पाने पाया म्हणून वापरली गेली. कापडी पाया क्विल्टमध्ये कायमचा राहतो आणि तिचे वजन वाढवतो. कागद फाडता येतो. काटकसरीतून आलेली ही सोय पुढे पद्धतीचे मर्म ठरली.

दुसऱ्या महायुद्धानंतर मागे पडलेली क्विल्टकला 1971 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातील प्रदर्शनामुळे पुन्हा प्रतिष्ठेला आली, कारण तेथे क्विल्टा आधुनिक चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या होत्या. 1979 साली ओल्फा कंपनीने फिरत्या पात्याचा कटर आणला आणि कात्रीचे काम निम्म्यावर आले. कागदाच्या दृष्टीने मात्र त्याहून मोठी घटना म्हणजे फोटोकॉपी यंत्र आणि पाठोपाठ घरातला प्रिंटर. एकच आकृती चाळीस वेळा हाताने उतरवून काढण्याचे कष्ट संपले, आणि 1990 च्या दशकात पायाची पद्धत पुस्तके, वर्ग आणि संगणकीय आराखड्यांतून सर्वत्र पसरली.

हॅरी पॉटरचे पहिले पुस्तक 1997 मध्ये आणि सातवे 2007 मध्ये आले. घरोघरी प्रिंटर आणि इंटरनेट पोहोचण्याचा काळ नेमका हाच. पुढच्या पुस्तकाची वाट पाहणाऱ्या वाचकांत शिवणाऱ्या स्त्रियाही होत्या. त्यांनी आकृत्या आखल्या आणि एकमेकींना विनामूल्य दिल्या. विनामूल्य देण्यात औदार्य होते तशी सावधगिरीही होती, कारण पात्रांचे आणि चिन्हांचे हक्क दुसऱ्यांचे असल्याने असे नमुने विकणे अडचणीचे ठरू शकते.

कपाटाचीच रचना का रुजली, याचे उत्तर पद्धतीतच आहे. पायाच्या पद्धतीत फक्त सरळ रेषा शिवता येतात आणि प्रत्येक नवी रेषा आधीच्या तुकड्यांची कड पूर्ण झाकून जावी लागते. पुस्तकाचा कणा म्हणजे आयत, त्यावरचे पट्टे म्हणजे लहान आयत. कललेले पुस्तक म्हणजे दोन बाजूंना दोन त्रिकोण जोडलेला आयत. हॅरीच्या कपाळावरची विजेची खूण चार-पाच रेषांत होते. गोल चष्मा मात्र गोल होऊच शकत नाही. तो अष्टकोनी करून दुरून गोल भासवावा लागतो.

आकृतीवरचे आकडे म्हणजे शिवण्याचा क्रम. पहिल्या भागाचे कापड कागदाच्या कोऱ्या बाजूवर सुलट वर ठेवायचे, दुसरे त्यावर उलटे ठेवायचे, कागद पलटून रेषेवर शिवायचे, पाव इंच सोडून जास्तीचे कापड कापायचे, तुकडा उलगडून इस्त्री करायची आणि तिसऱ्याकडे जायचे. टाका दीड मिलिमीटरचा ठेवतात, म्हणजे सुईच्या छिद्रांनी कागद टपाल तिकिटासारखा सहज फाटतो. छापील बाजू शिवणाऱ्याकडे आणि कापड पलीकडे असल्याने चित्र आरशातल्यासारखे उलटे उमटते. मी स्वतः आखलेल्या पहिल्या पुस्तकाच्या कण्यावर नायकाची इंग्रजी आद्याक्षरे घातली होती. ‘एच’ उलटे-सुलटे सारखेच दिसते, म्हणून मी निर्धास्त होते. ‘पी’ पूर्ण झाले तेव्हा त्याचे पोट डावीकडे आले.

आपल्याकडच्या गोधडीशी तुलना अटळ आहे, पण ती फार ताणू नये. गोधडी जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवतात. तिचे सौंदर्य हाताच्या अंदाजात आहे, मापात नाही. पेपर पीसिंग सगळे मापाचे, तेही इंचांत, आणि बरेचसे नमुने अमेरिकी कागदाच्या साडेआठ बाय अकरा इंचांच्या आकारासाठी आखलेले. आपल्या ए-फोर कागदावर छापताना प्रिंटर पानात बसवण्यासाठी आकृती गुपचूप लहान करतो. तीन-चार टक्क्यांचा हा फरक एका तुकड्यात दिसत नाही, बारा इंचांच्या खणात मात्र अर्ध्या इंचाच्या आसपास जातो. म्हणून नमुन्यावर एक इंचाचा चौरस छापलेला असतो, आणि पहिले पान हातात आल्यावर मोजपट्टी लावायची ती त्याला.

शेवटी कागद निघतो. मोठे भाग एका झटक्यात फाटून येतात. जिथे सहा-सात शिवणी एकत्र येतात तिथले कपटे मात्र चिमट्याने एकेक काढावे लागतात. मी घुबडाच्या चोचीमागचे दोन तसेच ठेवले आहेत. बोटांनी दाबले की ते अजून कुरकुरतात.